दोन वानखडे आणि एक नाला

मला विजेची भीती वाटते. सगळी नोकरी विजेच्या खात्यात काढली, तरी आजही मी ओल्या हातानं बटणाजवळ जात नाही आणि बल्ब बदलायचा असला की शेजारच्या काकांना हाक मारते. आमच्या अकोल्याच्या जठारपेठेतल्या बायकांना याचं फार हसू येतं. "वा वो मॅडम, तुमी तं लाइटवाल्या न!" म्हणून घेतात. त्यांना किती वेळा सांगितलं, की मी खांबावर चढणाऱ्यांतली नव्हते, खांब काढणाऱ्यांतली होते. काढणाऱ्यांतली म्हणजे उपटणाऱ्यांतली नव्हे, कागदावर काढणाऱ्यांतली. या एका शब्दानं पुढे माझी चांगलीच परीक्षा घेतली, म्हणून तो आधीच सांगून ठेवते.

माझा हुद्दा ट्रेसर. हा शब्द आता फक्त माझ्या पेन्शनच्या कागदांवर उरला असेल. इंजिनियर साहेब पेन्सिलीनं कच्चा नकाशा करून द्यायचे. त्यावर आरपार दिसणारा दुधी कागद अंथरायचा आणि काळ्या शाईनं नकाशा पक्का करायचा. रेघ म्हणजे तार, ठिपका म्हणजे खांब आणि एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं म्हणजे डीपी. सरकारी मराठीत तिला रोहित्र म्हणतात, पण वऱ्हाडात रोहित्र म्हटलं तर कोणी वळून बघणार नाही. वावराच्या कडेला दोन खांबांच्या मधे बसवलेली ती राखाडी पेटी, मोठ्या लाइनीतली दांडगी वीज मोटारीला सोसेल एवढी मऊ करून देणारी, तिला सगळे डीपीच म्हणतात.

शाईला खोडरबर चालत नसे. चूक झाली तर दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घेऊन शाई हलकेच खरवडायची, नखानं ती जागा गुळगुळीत करायची आणि वर पुन्हा रेघ मारायची. हात जरा जड पडला की कागद फाटलाच. मग आठ दिवसांचं काम पाण्यात. मी खरवडलेली जागा उजेडाला धरली तरी सापडत नसे, हे मी आजही ऐटीत सांगते. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असायची, तिच्यात 'रेखाटले' असं छापलेलं. तिथे मी 'सु. वि.' अशी दोन अक्षरं घालायची. ती चौकट कोणी वाचल्याचं मला आठवत नाही.

रोज सकाळी अकोल्याहून गाडी धरायची, बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोनं अमरावतीचं ऑफिस. तिसऱ्या मजल्यावर नियोजनाची खोली. अमरावतीच्या निम्म्या खेड्यांतल्या तारा माझ्या हातून कागदावर गेल्या. खेडी मात्र मी गाडीच्या खिडकीतून बघितली तेवढीच.

आता थोडं या तारांविषयी. आपल्याकडची खेड्यातली लाइन कोणी आखून बांधली असेल असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे. पहिल्यांदा गावापुरती चार खांबांची लाइन आली. मग एकानं विहिरीवर मोटार बसवली, त्याला जवळच्या खांबावरून तार दिली. दुसऱ्यानं बसवली, त्याला पहिल्याच्या खांबावरून. तिसऱ्याला दुसऱ्याच्या. अशी ती लाइन वाढत वाढत कुठल्या कुठे गेली. तार जुनी, बारीक, जागोजागी गाठी मारलेली. पंगतीत वाढपी एका टोकाला उभा असला तर शेवटच्या पानापर्यंत पोचेस्तोवर भात थंड होतो, तसं विजेचं होतं. शेवटच्या विहिरीपर्यंत जाईस्तोवर तिच्यातला दम संपतो. मोटार नुसती गुणगुणते, पाणी उचलत नाही. शेतकरी रागानं तिला पुन्हा पुन्हा चालू करतो आणि मोटार जळते, नाहीतर डीपी.

यावर उपाय म्हणजे सगळी लाइन नव्यानं आखणं. वाढपी पंगतीच्या मधोमध उभा करायचा. डीपी कुठे ठेवली तर सगळ्यांना सारखं पडेल, कोणती तार तोडून कुठे जोडावी, कुठे जाड तार घालावी, आणि हे सगळं कमीत कमी सामानात कसं बसवावं, याचा हिशोब. पूर्वी साहेब लोक हा हिशोब अंदाजानं करायचे, आणि अंदाज बहुतेक सरपंचाच्या वावराजवळ येऊन थांबायचा. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत हे काम कॉम्प्युटरवर आलं आणि त्याबरोबर परांजपे साहेब आले.

परांजपे पुण्याचे. वयानं माझ्या मुलाएवढे, पण खुर्चीनं साहेब. हुशार, नम्र आणि वऱ्हाडी भाषेला दचकणारे. पहिल्याच आठवड्यात फोनवर कोणी त्यांना "काहून बे, लाइन कई सोडतं?" असं विचारलं, तर त्यांनी फोन ठेवला आणि दिवसभर पुन्हा उचलला नाही. मी समजावलं, "साहेब, हे रागावणं नाही, वीज कधी येणार याची ही चौकशी आहे." त्यांच्या कॉम्प्युटरला माझे जुने नकाशे भरवायचे होते. मी नकाशा वाचायची, ते भरायचे. माझ्या रेघांवर त्यांचा फार विश्वास. "मॅडम, इतकं स्वच्छ काम मी बघितलं नाही," असं म्हणायचे. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

कागद स्वच्छ असला म्हणजे खरा असतोच असं नाही, याची झलक आम्हाला लवकरच मिळाली होती. चांदूर रेल्वेकडच्या एका गावात कॉम्प्युटरनं एका जुन्या खांबावरून नवी लाइन न्यायला सांगितली. कागदावर खांब उभा होता, माझ्याच हातचा ठिपका. माणसं गेली तर खांब एका घरासमोर आडवा, आणि चार म्हातारे त्यावर बसून सुपारी कातरत होते. विचारलं तर म्हणाले, "हा तं उभाच नाई झाला कधी, आमचे पोट्टे याच्यावरच लहानाचे मोठे झाले." मंजुरी आली, सामान आलं, खांब उभारायचा राहून गेला. आम्ही दोघं पोट धरून हसलो. तेव्हाच कानाला खडा लावायला हवा होता.

आमच्या खात्यात आणखी एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डीपीला कागदावर लांबलचक क्रमांक असतो, तो कोणाच्याच लक्षात राहत नाही. डीपी ज्याच्या वावरात पहिल्यांदा बसली, त्याचं नाव तिला चिकटतं. ठाकरे डीपी, मोहोड डीपी, पाटलाची डीपी. पुढे वावर विकलं जातं, माणूस जातो, नाव राहतं. आमच्या ग्राहकांच्या यादीतही प्रत्येक मोटारीपुढे असंच डीपीचं नाव लिहिलेलं. आणि वऱ्हाडात अर्धं गाव एका आडनावाचं असतं, हे मी वेगळं सांगायला नको.

कुरूमच्या अलीकडे, जिथे अमरावती जिल्हा संपतो, तिथलं एक गाव. नाव लिहीत नाही, तिथली माणसं मला अजून ओळखतात. त्या गावात दोन वानखडे भाऊ होते. एकाचं वावर वर, डांबरी रस्त्याला लागून. दुसऱ्याचं खाली, नाल्याजवळ. दोघांच्याही वावरात डीपी. गावात एकीला वरची म्हणत, एकीला खालची. पण मी नकाशा काढला तेव्हा समोरच्या कच्च्या कागदावर दोन्हीकडे नुसतं 'वानखडे' होतं. मीही दोन्हीकडे 'वानखडे डीपी' लिहिलं. सुंदर अक्षरात.

पुढे काय झालं ते सांगते. परांजप्यांच्या कॉम्प्युटरनं यादी वाचली. वानखडे डीपीवर चौदा मोटारी. नकाशात पहिली वानखडे डीपी दिसली ती वरची. सगळ्या मोटारी त्यानं तिच्यावर टाकल्या. खालच्या डीपीवर एकही मोटार उरली नाही. मग त्यानं त्याच्या बुद्धीनं उत्तम सल्ला दिला, की वर मोठी नवी डीपी बसवा, खालची काढून टाका. खरी गोष्ट उलटी होती. वरच्या वानखड्यांची विहीर आटलेली, तिकडे तीनच मोटारी उरल्या होत्या. अकरा मोटारी खाली नाल्याजवळ.

जागेवर जाऊन खात्री करायचा नियम होता आणि तो पाळलाही गेला. ज्यांना पाठवलं त्यांनी गावात विचारलं, वानखडे डीपी कुठंय? लोकांनी रस्त्यावरची दाखवली. त्यांनी 'पाहिली' म्हणून सही केली. त्या भागातले जुने लाइनमन सुखदेवभाऊ असते तर त्यांनी विचारलं असतं, कोणती, वरची का खालची? पण गुडघ्याचं ऑपरेशन करून ते घरी पडले होते. वर नवी डीपी झोकात उभी राहिली. खालची डीपी भादव्यात जळली तेव्हा कॉम्प्युटरनं सांगितलं, ही तर कामाचीच नाही. मग तिची पेटी उतरवली, तिच्याकडे येणारी मोठी तार गुंडाळून नेली आणि खालच्या मोटारींना वरच्या डीपीवरून लांबलचक तार ओढून दिली. मी तिसऱ्या मजल्यावर बसून नकाशातली ती दोन वर्तुळं ब्लेडनं साफ खरवडली. मागमूस ठेवला नाही.

पितृपक्ष चालू होता. एका दुपारी आमच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक, हातात कापडी पिशवी. शिपाई अडवत होता, तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. आत आली, पिशवीतून झेंडूचं एक झाड मुळासकट काढलं आणि परांजप्यांच्या टेबलावर ठेवलं. झाडाला कळ्याच कळ्या होत्या आणि सगळ्या माना टाकलेल्या.

"आमची डीपी कोनं काढली?" तिनं विचारलं.

परांजपे उठून उभे राहिले. "बसा ना ताई. कुठलं गाव?"

तिनं गाव सांगितलं, नाव सांगितलं. मंदाबाई. माळ्याचं घर, दोन एकर झेंडू, बाकी भाजी. नवरा दम्यानं बेजार, त्यामुळे वावर तिच्याच अंगावर. "खालचं वानखड्याचं वावर माह्या सासऱ्यानं घेतलं होतं," ती म्हणाली. "पाऊस गनपतीतच गेला. इहिरीले पानी हाय, पन मोटर नुसती घुंऽऽ करते, उचलत नाई. घट बसाले आठ दिवस हायेत. दसऱ्याचा माल हाय हा. दसऱ्यानंतर याले कोन इचारते? वर्षाचं हेच एक पीक हाय आमचं. ऑफिसात गेली तं म्हनतात, वरून अमरावतीनं काढली. म्हनून इथं आली. कोनं काढली थे सांगा फक्त."

"ताई, तो निर्णय सिस्टिमनं घेतलेला आहे," परांजपे म्हणाले.

"थे कोन?"

परांजप्यांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. मंदाबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. "त्यानं वावर पाह्यलं काय माहं?"

तोवर मी कपाटातून त्या नकाशाची खरवडण्याआधीची प्रत काढून टेबलावर पसरली होती. परांजप्यांनी यादी आणली. दोघांनी मिळून ताडून बघितलं आणि चूक कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दोन ठिकाणी एकच नाव. माझं अक्षर. कोपऱ्यातल्या चौकटीत 'सु. वि.'

ती चौकट कोणी वाचत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. गप्प बसले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. कच्चा नकाशा देणारे साहेब केव्हाच निवृत्त झालेले, कॉम्प्युटरला शिव्या कळत नाहीत. पण टेबलावर ते झाड होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या रेघांतली एक रेघ कोणाच्या तरी वावरापर्यंत पोचते, हे मी पहिल्यांदा बघत होते आणि मला फार लाज वाटली.

"मी काढली," मी म्हटलं.

"तुमी काहून काढली?"

"दोन्ही अर्थानं मीच काढली, मंदाबाई. आधी कागदावर काढली, तेव्हा नाव अर्धवट लिहिलं. त्यामुळे आता वावरातून काढली गेली."

मला वाटलं आता तोंड सोडेल. ती म्हणाली, "मंग आता पुन्हा काढा, मॅडम. कागदावरची नाई, वावरातली."

म्हणणं सोपं होतं. पण खालची डीपी पुन्हा बसवायची तर पेटी हवी, आणि ती गोदामात नव्हती. गुंडाळून नेलेली मोठी तार दुसऱ्या गावी ओढून झाली होती. सगळं नव्यानं मंजूर करून आणायचं तर दिवाळी उलटली असती. परांजप्यांनी दुपारभर कॉम्प्युटरसमोर बसून जाड तार घालून बघितली, जोड बदलून बघितले. प्रत्येक वेळी शेवटच्या मोटारीशी उत्तर अडायचं. संध्याकाळी मला गाडीची घाई झाली तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, उद्या जागेवर जाऊया. तुम्ही पण चला."

मी कधीच गेले नव्हते. जीपमधून उतरले तेव्हा सुखदेवभाऊ काठी टेकत उभे. रजेवर असूनही आले होते. मला बघून म्हणाले, "या मॅडम. इतके साल झाले तुमचं अक्षर घेऊन फिरून राह्यलो मी, आज मानूस पाह्यलं." आधी वरची डीपी बघितली. नवी कोरी, दणकट, आजूबाजूला तीन मोटारींशिवाय नुसतं तुरीचं रान. वरचे वानखडे बाजेवर बसले होते. "माह्या वावरात तुमी ताजमहाल बांधला बापा," म्हणाले, "पन आत झोपाले कोनी नाई."

मग खाली नाल्याजवळ. कागदावर बोटभर असलेलं अंतर पायी चालताना मला दम लागला. मंदाबाईनं मोटार चालू करून दाखवली. ती खरंच घुंऽऽ करत होती. झेंडूच्या ओळी माना टाकून उभ्या होत्या. रोज पहाटे घागरीनं पाणी घालून तिनं नाल्याकडच्या काही ओळी धरून ठेवल्या होत्या. परांजपे खांब मोजत होते. मी बांधावर उभी राहून नाल्याकडे बघत होते, कारण माझ्या नकाशाची कड तिथे होती. नाल्याच्या अलीकडे मी एक बाण काढला होता आणि लिहिलं होतं, 'अकोल्याकडे'. त्यापुढे कागद संपायचा.

नाल्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, बाभळीच्या मागे एक डीपी होती.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"थे? थे माह्या माहेरची हाय," मंदाबाई म्हणाली. "तिकडं अकोला जिल्हा लागते. माहा भाऊ थ्या बाजूनंच राह्यते. त्याची मोटर पाहा कशी पानी फेकून राह्यली. मी तं पहिल्याच दिवशी म्हनलं तुमच्या मान्साले, हे चार खांब नाल्यातून काहून नाई आनत? थो म्हने, जिल्हा बदलते."

परांजप्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांच्याही डोक्यात एकच आलं. कॉम्प्युटरच्या लेखी नाल्यापलीकडे जगच नव्हतं, कारण मी तिथे कागद संपवला होता. आणि मी संपवला, कारण जिल्हा संपत होता. विजेला जिल्हा कुठला कळतो?

"माहेराहून पानी नाई आनता येत," मंदाबाई म्हणाली, "लाइन तं आनता येते न?"

सुखदेवभाऊंनी मान हलवली. "येते, पन त्या डीपीले झेपलं पायजे. नाईतं दोन्ही घरं अंधारात."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून आमच्या अकोल्यातल्या ऑफिसात गेले. त्यांच्याकडचा नाल्यापलीकडचा नकाशा मागितला. तिथले बाबू म्हणाले, "अमरावतीले कायले पायजे आमचा नकाशा?" मी म्हटलं, "माहेरचा आहे." ते काही समजले नाहीत, पण नकाशा दिला. तो मी गुंडाळी करून गाडीत मांडीवर घेऊन गेले. दोन्ही नकाशे शेजारी लावले तर नाला जुळेना. अकोल्याचा नाला आमच्या नाल्यापेक्षा दुप्पट रुंद. त्यांचं माप वेगळं होतं. मग मी जुनी पट्टी काढली, दुधी कागद घेतला आणि दोन्ही जिल्हे एका मापात उतरवले. तो माझ्या हातचा शेवटचा शाईचा नकाशा. परांजप्यांनी तो भरला आणि कॉम्प्युटरनं तत्काळ सांगितलं, की चार खांब, नाल्यातून, सर्वांत कमी तारेत. मंदाबाईनं बांधावरून जे सांगितलं होतं तेच.

पलीकडच्या डीपीवर सगळ्या मोटारी चालू असताना सुखदेवभाऊ सकाळभर चिमट्याचं मीटर लावून उभे राहिले. तारेला चिमटा लावला की तिच्यातून किती वीज वाहते ते दाखवणारं ते यंत्र. ते म्हणाले, एकदम सगळ्या चालल्या तर झेपणार नाही, अर्ध्या अर्ध्या चालल्या तर आरामात. आता हे पलीकडच्या लोकांना कोणी सांगायचं? आपल्या डीपीत दुसऱ्या जिल्ह्याचा वाटा कोण देतो?

ते काम मंदाबाईनं केलं. नाला ओलांडून गेली, भावाच्या ओसरीवर सगळ्यांना बोलावलं. आम्हीही गेलो होतो. एक जण म्हणाला, "आमची जळली तं?" मंदाबाई म्हणाली, "जळली तं माह्या नावानं जळन. लग्नात मले काय देल्लं या गावानं, थे आठवून पाहा. आता चार तास लाइन द्या." लोक हसले. ठरलं, की लाइन आली की पहिले चार तास पलीकडच्यांचे, पुढचे चार अलीकडच्यांचे. पाळी. आमच्या कुठल्याही हिशोबात हा शब्द नव्हता. परांजप्यांनी तो वहीत लिहून घेतला आणि खाली दोन रेघा मारल्या.

आता सह्या. दोन जिल्ह्यांची दोन ऑफिसं. पत्र इकडून तिकडे जायला लागलं असतं तर वरातीमागून घोडं झालं असतं. परांजप्यांनी दोन्हीकडच्या इंजिनियरांना फोन करून नाल्यावरच बोलावलं. मंदाबाईच्या बांधावर, पोत्यावर बसून दोघांनी सह्या केल्या. माझा नकाशा उडू नये म्हणून त्यावर चारी कोपऱ्यांत ढेकळं ठेवली होती. चार खांब उभे राहिले आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी तार जोडली. सुखदेवभाऊंनी खालून हात हलवला. मंदाबाईनं बटण दाबलं. मोटार एकदा घुंऽऽ झाली आणि मग नळातून हवा आली, गढूळ पाणी आलं आणि मग स्वच्छ, मनगटाएवढी धार.

मंदाबाईनं पदर खोचला. धारेखाली पाय धुतले, तोंड धुतलं आणि आधी त्या झाडांकडे गेली जी अजून उभी होती.

सगळी उभी नव्हती. वरच्या अंगाचा झेंडू वाचला नाही. दोन एकरांतला एकच एकर दसऱ्याला बाजारात गेला. ही गोष्ट मी कोणाला सांगते तेव्हा लोक "चला, शेवट गोड झाला" म्हणतात. मला त्या दुसऱ्या एकराची आठवण होते. मी मंदाबाईची माफी मागितली होती. ती म्हणाली, "चूक झाली तं झाली. पन तुमी आल्या तं खऱ्या. आमच्याकडं कोनी येतच नाई."

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात पक्कड, पेंचिस, दोऱ्या, हातमोजे मांडून पूजा असते. त्या वर्षी सकाळीच बसनं एक पोतं आलं. झेंडू. वर चिठ्ठी, "हार तुमच्या कॉम्प्युटरले पन घाला. त्यानं शेवटी आयकलं." परांजप्यांनी स्वतःच्या हातानं हार घातला. मी माझ्या अर्ध्या ब्लेडपुढे एक फूल ठेवलं.

मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली. शेवटच्या दिवशी परांजप्यांनी तो जुना नकाशा पुढे ठेवला आणि विचारलं, "मॅडम, सिस्टिममध्ये या नव्या जोडाला आणि वरच्या डीपीला नावं द्यायची आहेत. वानखडे पुन्हा नको." मी सुखदेवभाऊंना फोन लावला, गावात काय म्हणतात विचारलं. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. नाल्यावरच्या चार खांबांना 'माहेरची लाइन'. आणि वरच्या मोठ्या डीपीला जे गाव म्हणतं ते. काळ्या शाईनं, सुंदर अक्षरात. ब्लेड हातात होतं, खरवडावंसं वाटलं नाही.

हल्ली वरच्या वानखड्यांच्या मुलानं बोअर घेतलं, संत्र्याची बाग लावली, शेजारच्यांनीही लावली. तो ताजमहाल आता भरत चाललाय, असं सुखदेवभाऊ सांगतात. ऐकून बरं वाटतं.

मागच्या महिन्यात दुपारी मला अमरावतीहून फोन आला. ऑफिसात नवी रुजू झालेली मुलगी होती, जुन्या नोंदी तपासण्याचं काम तिच्याकडे आलेलं. आवाज गोड, घाईतला. "मॅडम, त्रास देते. कुरूमकडच्या नोंदीत एका डीपीचं नाव 'गलती डीपी' असं आलंय. नकाशावर 'रेखाटले'च्या चौकटीत तुमची अक्षरं आहेत, म्हणून विचारते. हे आडनाव आहे की लिहिताना चूक झालीये? दुरुस्त करू का?"

त्या चौकटीतली माझी दोन अक्षरं शेवटी कोणीतरी वाचली होती. मी खुर्ची ओढून बसले.

"नको गं बाई," मी म्हटलं. "तेवढं बरोबर लिहिलंय."